दुखणाईत मूल आणि शाळेतील समुपदेशक

शाळेच्या हजेरीपटास मुलाच्या दोनच अवस्था ठाऊक असतात: हजर आणि गैरहजर. आजाराविषयीची आपली जुनी समजूतही या पटाशी जुळणारीच आहे. ताप येतो, मूल चार दिवस अंथरुणास खिळते, वडील चिठ्ठी लिहून देतात, ताप उतरतो आणि मूल पुन्हा बाकावर येऊन बसते. गोवर, कांजिण्या, कावीळ, विषमज्वर ही सारी दुखणी या चिठ्ठीत मावतात. परंतु जे मूल हजर असूनही आजारी आहे, आणि उद्या, परवा, कदाचित जन्मभरही आजारीच राहणार आहे, त्याच्यासाठी त्या पटात रकाना नाही. मधुमेह, दमा, अपस्मार, सिकलसेल, थॅलेसेमिया, सांधेज्वराने दुर्बल झालेले हृदय, अशी दुखणी बरोबर घेऊन रोज घंटेसरशी वर्गात येणारी मुले आपल्या शाळांतून आहेत. त्यांची चिठ्ठी कोणी लिहावी आणि तीत काय लिहावे, याचा थोडा विचार वाचकांबरोबर करावा, अशी आमची इच्छा आहे.

आमच्या पिढीतील कित्येक गृहस्थ म्हणतात की, आमच्या लहानपणी असली दुखणी नव्हतीच. हे सारे नव्या राहणीचे फळ. या म्हणण्यात एक गफलत आहे. दुखणी होती; ती घेऊन शाळेत जाणारी मुले फारशी नव्हती, कारण ती तेवढी जगतच नसत. बालवयात जडणाऱ्या मधुमेहाचे उदाहरण घ्या. १९२१ सालापर्यंत त्यावर उपाय म्हणजे उपासमार हाच होता. मुलास जवळजवळ अन्नावाचून ठेवावयाचे आणि त्याचे मरण काही महिने लांबवावयाचे, यापलीकडे वैद्यांच्या हाती काही नव्हते. त्या वर्षी टोरोंटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे काढले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास त्याची पहिली सुई देण्यात आली. तो अर्क अशुद्ध निघाला. तेव्हा कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीस तो पुन्हा दिला. या खेपेस गुण आला. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. म्हणजे शाळेपुढे आज जो प्रश्न उभा आहे तो वैद्यकाच्या अपयशातून आलेला नसून त्याच्या यशातून आलेला आहे. डॉक्टरांनी मूल वाचवून आपल्या हवाली केले. पुढे काय करावयाचे ते ठरविणे आता आपल्याकडे आले आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते अभ्यासाच्या वाटेने नव्हे. आमचा व्यवसाय महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्याचा. वैद्यक आणि मानसशास्त्र या दोन्ही प्रांतांत आम्ही परकेच. परंतु काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा पाचवी संपवून आमच्या घरी राहावयास आला. तालुक्याच्या गावी असतानाच त्यास मधुमेह जडला होता. चांगला डॉक्टर आणि चांगली शाळा या दोन्ही गोष्टी एके ठिकाणी मिळाव्यात, या हेतूने बहिणीने त्यास आमच्याकडे धाडले. येताना त्याने एका पिशवीत वह्या आणल्या होत्या आणि दुसरीत इन्सुलिनची पेने, सुया व रक्त तपासण्याचे लहानसे यंत्र. बोटास टोचून थेंब काढावयाचा, आकडा वहीत टिपावयाचा, काय खाणार त्याचा अंदाज घेऊन मात्रा ठरवावयाची आणि पोटास सुई टोचावयाची. असे दिवसातून चार वेळा. अकरा वर्षांचे ते पोर हे सारे दात घासावेत तितक्या सहजपणे करी. आमच्या पत्नीस पहिले आठ दिवस ते पाहवले नाही. पुढे तोच तिला पोळीचा आणि भाताचा हिशोब शिकवू लागला.

शाळेत मात्र हा सहजपणा चालला नाही. सुई ही धोक्याची वस्तू असल्याने ती दप्तरात असता कामा नये; कार्यालयातही तिची जबाबदारी कोणी घेणार नाही; तेव्हा मधल्या सुट्टीत घरच्या माणसाने येऊन टोचून जावे, असे आम्हांस सांगण्यात आले. त्याप्रमाणे त्याची मामी दीड वर्ष, उन्हात आणि पावसात, शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. आमच्या घरी ते शक्य होते म्हणून झाले. ज्या घरी आई सकाळी कामावर जाते आणि खाडा झाला तर रोज बुडतो, त्या घरी या अटीचा अर्थ शाळा सोडणे किंवा सुई सोडणे यांपैकी एक, असाच होत असला पाहिजे.

साखर वाढली की तहान लागते आणि वारंवार लघवीस जावे लागते. त्यामुळे ‘तास चुकवितो’ असा शेरा त्याच्या दैनंदिनीत दोनदा आला. मुलांनी त्यास एक टोपणनावही दिले. ते येथे लिहिण्यासारखे नाही. सातवीत गेल्यावर तो मामीस म्हणाला, “मामी, तू आता येत जाऊ नकोस. मी सकाळीच थोडे जास्त टोचून जातो.” डॉक्टरांस न विचारता त्याने ही युक्ती काढली आणि घरी कोणास पत्ता लागू न देता चारसहा दिवस चालविली. मग एके दिवशी कवाईतीच्या तासास त्यास घाम फुटला, हात कापू लागले, आणि शिक्षकांनी रांगेत नीट उभे राहावयास सांगताच तो त्यांस अद्वातद्वा बोलला. एरवी त्याच्या तोंडून कधी वावगा शब्द निघत नसे. शिक्षा म्हणून त्यास मैदानाच्या कडेला उभे करण्यात आले. तेथे तो मटकन खाली बसला. सारेजण गोंधळले असता त्याच्या बाकावरचा मित्र वर्गात धावला, दप्तराच्या बाजूच्या कप्प्यातून ग्लुकोजची पुडी काढून आणली आणि ती पाण्यात कालवून त्यास पाजली. मुलगा शुद्धीवर होता, गिळू शकत होता, म्हणून निभावले. त्या मैदानावर त्या दिवशी ज्यास खरे ज्ञान होते असा मनुष्य एकच होता, आणि त्याचे वय बारा वर्षांचे होते.

त्या शाळेत समुपदेशिका नव्हत्या असे नाही. मानसशास्त्राची उच्च पदवी घेतलेल्या, मनाने अत्यंत चांगल्या अशा एक तरुण बाई तेथे होत्या. उद्धटपणाची तक्रार त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी मुलास बोलावून घेतले आणि गोड शब्दांत समजाविले. पुढे सर्व प्रकार उलगडल्यावर त्या आपण होऊन आमच्या घरी आल्या. त्यांचे शब्द आमच्या मनातून गेलेले नाहीत. “सर,” त्या म्हणाल्या, “दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात मी फ्रॉइड वाचला, रॉजर्स वाचला, बुद्धिमापनाच्या कसोट्या पाठ केल्या. पण साखर उतरली म्हणजे मूल कसे बोलते, हे मला कोणीच सांगितले नाही. मी त्याला राग आवरण्याचे उपाय शिकवीत बसले होते.”

या एका वाक्यात सगळा प्रश्न सामावलेला आहे. या बाईंच्या ठिकाणी दया होती, विद्या होती, कामाची आवडही होती. नव्हती ती तयारी. आणि ती त्यांस देण्याचे कर्तव्य ज्यांचे होते त्यांनी ते केलेले नव्हते.

असे का व्हावे, याचे उत्तर समुपदेशनाच्या पूर्वपीठिकेत सापडते. शाळेतील मार्गदर्शनाची ही कल्पना मूळची धंदा निवडण्याच्या प्रश्नातून निघालेली आहे. १९०८ साली बोस्टन येथे फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांस व्यवसायाची निवड करण्यास साहाय्य देणारी कचेरी काढली, तेथून तिची सुरुवात धरतात. आपल्याकडे १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची व्यवस्था असावी असे सुचविले, तेव्हाही मुख्य दृष्टी हीच होती की, मुलाचा कल पाहून त्यास योग्य शाखेकडे वळवावे. पुढे परीक्षेची धास्ती, घरातील कलह, आत्महत्येचे विचार हे विषय या कामात आले, आणि ते यावयासच हवे होते. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणी निकाल देताना, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. म्हणजे समुपदेशकांची संख्या वाढणार. परंतु या साऱ्या परंपरेत मुलास कल आहे, बुद्धी आहे, मन आहे. शरीर मात्र नाही. शरीर हे डॉक्टरांचे, मन हे समुपदेशकाचे, अशी वाटणी आपण गृहीत धरली आहे. आणि दुखणाईत मूल नेमके त्या दोहोंच्या बांधावर उभे असते.

मग समुपदेशकांस वैद्यक शिकवावे काय? मुळीच नाही. अर्धवट वैद्य हा अर्धवट समुपदेशकाहून अधिक घातक. त्यांस शिकवावयाचे ते एवढेच की, अमुक आजार वर्गात कसा दिसतो. डॉक्टरांस आजार तपासणीच्या मेजावर दिसतो, आईबापांस तो रात्री दिसतो. वर्गात तो बहुधा वेष पालटून येतो आणि आळस, उद्धटपणा, बेफिकिरी, ढोंग अशा नावांनी ओळखला जातो.

अपस्माराचा एक प्रकार असा आहे की, त्यात मूल पडत नाही, हातपाय झाडीत नाही. काही सेकंद नजर स्थिर होते, पापण्या लवतात, आणि मग ते जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुढे लिहू लागते. असे दिवसातून कित्येकदा घडू शकते. प्रत्येक खेपेस वाक्याचा एक तुकडा गळतो. शिक्षकांस दिसते ते एवढेच की, याचे लक्ष नाही. अशा मुलास ‘लक्ष दे’ असे वर्षभर सांगत राहणे म्हणजे बहिऱ्यास ‘नीट ऐक’ म्हणण्यासारखे आहे. जे मूल खरोखर झटका येऊन पडते, त्याच्या नाकाशी कांदा किंवा वहाण धरण्याची आणि दातांत चमचा घालण्याची रीत अजून आपल्या शाळांतून गेलेली नाही. वास्तविक करावयाचे ते फार थोडे आहे: आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली काही मऊ सारावे, मुलास कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे, आणि झटका पाच मिनिटांपलीकडे लांबला तर इस्पितळाची वाट धरावी. झटका ओसरल्यावर जेव्हा ते मूल डोळे उघडते आणि चाळीस मुलांची नजर आपल्यावर खिळलेली पाहते, तेव्हाच समुपदेशकाचे काम सुरू होते.

दम्याच्या मुलाचा पंप कार्यालयातील कपाटात कुलूप लावून ठेवलेला आम्ही पाहिला आहे. किल्ली ज्यांच्याकडे ते गृहस्थ त्या दिवशी रजेवर होते. पंपाची सवय लागते या भ्रमाने कित्येक आईबाप तो दप्तरातून काढूनही घेतात. फळा पुसताना उडणारी खडूची धूळ, वर्ग झाडताना उठणारा केर, दिवाळीच्या आगेमागे हवेत भरून राहणारा धूर, यांचा विचार मुलाची जागा ठरविताना आणि स्वच्छतेची पाळी लावताना करणे कठीण नाही. पण तो करावा हे कोणीतरी सांगावे लागते.

सिकलसेलची गोष्ट तर आपल्या दाराशी आहे. गडचिरोलीपासून नंदुरबारपर्यंत अनेक आदिवासी जमातींत, तसेच विदर्भातील इतरही काही समाजांत हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. त्याचा पहिला शास्त्रीय वृत्तांत १९१० साली शिकागोच्या डॉ. हेरिक यांनी प्रसिद्ध केला, आणि त्यातील रोगी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकावयास आलेला एक विद्यार्थीच होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. या आजारात तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उत्पन्न होतात. शरीरातील पाणी कमी होणे, गारठा, अतिश्रम यांनी ही वेदना ओढवते. त्यातच अशा मुलांची मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत. म्हणून त्यांस पाणी पुष्कळ प्यावे लागते आणि लघवीसही वारंवार जावे लागते. आता आपल्या शाळेचे नियम आठवा: तासाला बाटली बाहेर काढावयाची नाही, मध्येच उठावयाचे नाही, प्रार्थनेस गणवेशावर स्वेटर चालणार नाही, उशीर झाला तर मैदानास फेऱ्या. एकेक नियम पाहिला तर निरुपद्रवी. पण या मुलाच्या बाबतीत ते सारे मिळून दुखण्यास आमंत्रण देतात. आणखी एक गोष्ट अधिक गंभीर आहे. या आजारात कधी कधी बाहेर काहीही लक्षण न दिसता मेंदूस बारीकशी इजा होते. तिचा पत्ता प्रथम डॉक्टरांस लागत नाही, तो प्रगतिपुस्तकास लागतो. चांगले चाललेले मूल एकाएकी गणितात मागे पडू लागले, तर त्याची कानउघाडणी करण्यापूर्वी त्यास डॉक्टरकडे धाडावे, हे ज्या समुपदेशकास ठाऊक आहे तो एक मेंदू वाचवू शकेल.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१३ सालापासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळाशाळांतून तपासणी करीत आली आहेत. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट तिने पुढे ठेवले आणि सात कोटी लोकांच्या तपासणीचा संकल्प केला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात जे एकवीस प्रकार सांगितले आहेत त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा अंतर्भाव आहे; मधुमेहाचा मात्र नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही परीक्षार्थींस खाण्याचे जिन्नस परीक्षेच्या दालनात नेण्याची मुभा दिली. ही सारी पावले योग्य दिशेची आहेत. परंतु तपासणी म्हणजे सोबत नव्हे. पथक येते, कार्डावर नोंद करते आणि जाते. मूल दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात त्याच नियमांखाली बसते. कागदावरची मुभा आणि त्या बाकामधले अंतर चालून जाणारा मनुष्य हवा. तो मनुष्य म्हणजे समुपदेशक.

त्याच्या तयारीतील सर्वांत अवघड धडा गुपिताचा आहे. आजार कोणाचा? मुलाचा. मग तो कोणास सांगावा हे ठरविण्याचा पहिला हक्कही त्याचाच. वर्गशिक्षक, खेळाचे शिक्षक, शेजारचा मित्र यांस काही तरी कळणे त्याच्या जिवासाठी आवश्यक आहे. साऱ्या शाळेस कळणे आवश्यक नाही. ‘कोणकोणास सांगू, आणि कोणत्या शब्दांत सांगू?’ हा प्रश्न समुपदेशकाने मुलासच विचारावयास हवा. मुलींच्या बाबतीत तर आईबाप अपस्माराचे नावही काढू देत नाहीत. त्यांस अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु हिंदू विवाहाच्या कायद्यात विवाहास बाध आणणाऱ्या गोष्टींमध्ये अपस्माराचे नाव १९९९ सालापर्यंत होते. कायद्याने ते काढून टाकले. लोकांच्या मनातून ते अजून गेलेले नाही. आईची भीती निराधार नसते, ही जाणीव ठेवूनच तिच्याशी बोलावयास पाहिजे. ‘लपवू नका’ असा उपदेश करण्यापेक्षा ‘आपण तिघे मिळून किती सांगावयाचे ते ठरवू’ असे म्हणणारा मनुष्य तिचा विश्वास संपादन करील.

दुसरा धडा कौतुकाचा. मधुमेही मुलास पाहताच लोक वासिम अक्रमचे नाव काढतात. १९९७ साली त्यास मधुमेह असल्याचे कळले आणि त्यानंतरही तो २००३ पर्यंत आंतरराष्ट्रीय क्रिकेट खेळला, हे खरेच आहे, आणि स्फूर्तिदायकही आहे. परंतु ज्या मुलाचा आकडा आज सकाळपासून ताळ्यावर येत नाही, त्यास हे उदाहरण कधी कधी छडीसारखे लागते. त्याला थोर व्हावयाचे नसते. त्याला सहलीस जावयाचे असते. आजारी मुलाविषयी आपल्याजवळ कीव असते, संशय असतो आणि वीरपूजा असते; साधेपणा तेवढा नसतो. समुपदेशकाने तो शिकावा आणि शिकवावा. मूल महिनाभर इस्पितळात राहून परत आले, तर टाळ्या वाजवून त्याचे स्वागत करण्यापेक्षा त्याची जागा रिकामी ठेवलेली असणे, आणि राहिलेल्या अभ्यासापैकी खरोखर आवश्यक तेवढाच वेगळा काढून ठेवलेला असणे, यात अधिक प्रेम आहे.

हे सारे शिकवावे कसे? आमच्या अल्प बुद्धीस असे वाटते की, पुस्तकाने ते होणार नाही. भावी समुपदेशकाने आठपंधरा दिवस मुलांच्या इस्पितळातील बाह्यरुग्ण विभागात नुसते बसावे. रक्त चढविण्यासाठी थॅलेसेमियाचे मूल दर दोनतीन आठवड्यांनी येते तेव्हा त्याचा शाळेचा एक दिवस कसा जातो, ते पाहावे. स्वतःच्या बोटास एकदा टोचून पाहावे. ज्यांनी दुखणे घेऊन शाळा व महाविद्यालय पार केले अशा तरुणांस वर्गापुढे बोलवावे. या विषयाचे खरे अध्यापक तेच. शिक्षकाशी, आईबापांशी आणि मुलाशी करावयाच्या संभाषणांची तालीम करावी, कारण चांगला हेतू आयत्या वेळी तोंडात शब्द आणून देत नाही. आणि एक गोष्ट आम्ही जड मनाने लिहितो: यांपैकी काही मुले वाचत नाहीत. बाक रिकामा झाल्यावर उरलेल्या मुलांशी काय बोलावे, याचीही तयारी समुपदेशकास कोणीतरी करून दिली पाहिजे.

आमच्या भाच्याच्या शाळेतील बाईंनी हे धडे स्वतःच्या बळावर घेतले. सुट्टीच्या दिवशी त्या आमच्याबरोबर डॉक्टरांकडे आल्या, तासभर प्रश्न विचारले, आणि एक पानाचे टाचण केले. मूल घामाघूम झाले, थरथरू लागले किंवा विसंगत बोलू लागले तर साखर उतरली असे समजावे. तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. अशा वेळी त्यास एकटे कोठेही धाडू नये. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये व ताबडतोब डॉक्टरांस बोलवावे. पाणी व लघवी यांसाठी परवानगीची गरज नाही. खाली डॉक्टरांची सही, आमची सही, आणि मुलाच्या सांगण्यावरून त्याच्या त्या मित्राचे नाव. बाईंनी ते टाचण प्रथम मुलास वाचून दाखविले. त्याने दोन शब्द बदलले. मगच ते मुख्याध्यापकांकडे गेले. पहिले काही दिवस तो बाईंच्या खोलीत सुई घेई, पुढे आपल्या बाकावरच घेऊ लागला. मामीचे फाटकाशी उभे राहणे संपले. त्या टाचणास खर्च एका कागदाचा आला.

वाचक विचारतील की, ज्या गावच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार इयत्ता, तेथे समुपदेशक कोठून आणावा? प्रश्न रास्त आहे. तेथे हे काम एखाद्या शिक्षकासच करावे लागेल, आणि तो आधीच गणती, मतदारयाद्या, पोषण आहार यांच्या ओझ्याखाली वाकलेला आहे. परंतु त्यास सारे शास्त्र नको. केंद्राच्या बैठकीत दोन दिवस आणि असे एक टाचण पुरे. शहरांतील शाळांस तर ही सबबही नाही.

जूनमध्ये शाळा उघडतील. नव्या इयत्तेची यादी लागेल, नवी पुस्तके वाटली जातील. आईबापांच्या पहिल्या सभेत शुल्काविषयी आणि गणवेशाविषयी पुष्कळ प्रश्न निघतात. त्यांतच एखाद्या गृहस्थाने, ज्याचे स्वतःचे मूल ठणठणीत आहे अशा गृहस्थाने, उठून विचारावे की, या शाळेत ज्या मुलांस रोज औषध घ्यावे लागते त्यांची काय व्यवस्था आहे, आणि आपल्या समुपदेशकांस त्याची माहिती कोणी दिली आहे? दुखणाईत मुलाच्या आईने हा प्रश्न विचारला तर ती गाऱ्हाणे करते असे वाटते. तोच प्रश्न दुसऱ्याने विचारला, तर त्याचे उत्तर शोधणे शाळेस भाग पडते.